सरकार बंद पडू नये म्हणून : कुकटपल्लीचा 2 जून आणि खर्चाच्या मंजुरीचे कायदे

रविवार, 1 जून 2014 ची मध्यरात्र उलटली आणि हैदराबादच्या वायव्येला असलेले कुकटपल्ली हे उपनगर आंध्र प्रदेशातून तेलंगणात गेले. कोणाला घर हलवावे लागले नाही. गृहनिर्माण मंडळाची विस्तीर्ण वसाहत, जवाहरलाल नेहरू तंत्रशास्त्र विद्यापीठाचे आवार, पुण्याहून मच्छलीपट्टणकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावरची वाहनांची दाटी, सारे जागच्या जागी होते. सोमवारी सकाळी सरकारी शिक्षक, परिचारिका, पोलीस शिपाई, तहसील कार्यालयातील कारकून नेहमीप्रमाणे कामावर जाणार होते. मात्र त्यांना वेतन देणाऱ्या राज्याचे वय त्या सकाळी काही तासांचे होते. त्या राज्याच्या विधानसभेची एकही बैठक झालेली नव्हती, त्याचा अर्थसंकल्प अस्तित्वात नव्हता आणि एक रुपयाही खर्च करण्यास कोणत्याही सभागृहाने मंजुरी दिलेली नव्हती.

विधिमंडळाने कायदा करून संमती दिल्याशिवाय राज्याच्या एकत्रित निधीतून पैसा काढता येत नाही, हे राज्यघटनेच्या 266 व्या अनुच्छेदाने स्पष्टपणे सांगितले आहे. हा नियम अक्षरशः लावला असता, तर 2 जूनच्या सकाळी तेलंगणाचा कारभार सुरू होण्याआधीच थांबला असता. तसे घडले नाही, कारण त्याची तजवीज तीन महिने आधीच एका कायद्याच्या एका कलमात करून ठेवलेली होती. अमेरिकेत ‘शटडाऊन’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार भारतात का दिसत नाही, या प्रश्नाचे उत्तर अशाच विखुरलेल्या, एरवी कोणी न वाचणाऱ्या तरतुदींमध्ये सापडते. त्या तरतुदी कुठवर पुरतात आणि कुठे तोकड्या पडतात, हेही आंध्र आणि तेलंगणाच्या गेल्या दशकात दिसून आले आहे.

चव्वेचाळिसावे कलम

राज्याच्या विभाजनाचे विधेयक आंध्र प्रदेश विधानसभेने 30 जानेवारी 2014 रोजी आवाजी मतदानाने फेटाळले होते. घटनेच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार राज्याचे मत विचारणे आवश्यक असते, ते मानणे नव्हे. त्यामुळे लोकसभेने 18 फेब्रुवारीला व राज्यसभेने 20 फेब्रुवारीला विधेयक संमत केले, 1 मार्चला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि 2 जून हा ‘नियत दिन’ ठरला. दरम्यान मुख्यमंत्री किरणकुमार रेड्डी यांनी 19 फेब्रुवारीला राजीनामा दिला आणि 1 मार्चपासून राज्यात राष्ट्रपती राजवट आली. म्हणजे ज्या काळात दोन राज्यांच्या तिजोऱ्या वेगळ्या करायच्या होत्या, त्या काळात निर्णय घेणारे निर्वाचित सरकारच नव्हते.

एक गोष्ट मात्र वेळेत झाली होती. त्या सरकारने आपल्या अखेरच्या आठवड्यांत, फेब्रुवारीमध्येच, पूर्ण अर्थसंकल्पाऐवजी काही महिन्यांपुरते लेखानुदान विधानसभेकडून मंजूर करून घेतले होते. त्या सभागृहात कुकटपल्लीचे प्रतिनिधित्व करीत होते लोकसत्ता पक्षाचे संस्थापक व माजी सनदी अधिकारी जयप्रकाश नारायण, जे 2009 मध्ये तेथून निवडून आले होते. प्रशासन सुधारणा हाच ज्यांच्या राजकारणाचा विषय, अशा आमदाराच्या मतदारसंघाला काही महिन्यांतच राज्ययंत्रणेची ही कसोटी जवळून पाहायला मिळावी, हा योगायोगच म्हणायचा.

पण ते लेखानुदान अखंड आंध्र प्रदेशाचे होते. नव्या राज्याच्या निधीला ते लागू होत नव्हते. ही पोकळी आंध्र प्रदेश पुनर्रचना कायद्याच्या 44 व्या कलमाने भरली. विद्यमान आंध्र प्रदेशाच्या राज्यपालांनी नियत दिनापूर्वी केव्हाही तेलंगणाच्या एकत्रित निधीतून आवश्यक वाटेल तेवढा खर्च अधिकृत करावा, हा अधिकार नियत दिनापासून जास्तीत जास्त सहा महिन्यांपुरता राहावा आणि दरम्यान तेलंगणा विधानसभेची मंजुरी घेतली जावी, असे हे कलम सांगते. नियत दिनानंतर आणखी खर्चाची गरज पडल्यास तेलंगणाच्या राज्यपालांनी तो अधिकृत करावा, पण सहा महिन्यांची मर्यादा ओलांडू नये, अशी पुष्टीही त्याला जोडलेली आहे. दोन्ही राज्यांचे राज्यपाल ई. एस. एल. नरसिंहन हेच राहिल्याने पूर्वीची आणि नंतरची सही एकाच व्यक्तीची झाली.

या कलमातील चमत्कारिक भाग असा, की त्यात अद्याप जन्माला न आलेल्या राज्याच्या अद्याप अस्तित्वात नसलेल्या निधीतून खर्च करण्याची परवानगी आगाऊ देता येत होती. कायदेपंडितांना यात नवल वाटणार नाही. 1960 मध्ये द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले किंवा 2000 मध्ये छत्तीसगड, उत्तराखंड व झारखंड अस्तित्वात आले, तेव्हाच्या पुनर्रचना कायद्यांतही खर्चाच्या अशा तात्पुरत्या अधिकृततेची सोय होती. नवी राज्ये क्वचितच 1 एप्रिलला जन्मतात. महाराष्ट्र 1 मे रोजी, मराठवाड्याला हैदराबादपासून वेगळे करणारी पुनर्रचना 1 नोव्हेंबर 1956 रोजी, दमण व दीवपासून वेगळे होऊन गोवा 30 मे 1987 रोजी. दिनदर्शिका आणि आर्थिक वर्ष यांची गाठ कधीच पडत नाही, म्हणून हा सांधा प्रत्येक वेळी कायद्याने जोडावा लागतो.

पैसा कोठून येणार, याचेही उत्तर त्याच कायद्यात होते. कोषागारांतील शिल्लक व रिझर्व्ह बँकेतील जमा लोकसंख्येच्या प्रमाणात, म्हणजे आंध्र प्रदेशाला 58.32 टक्के व तेलंगणाला 41.68 टक्के, वाटली जाणार होती. त्यासाठी नोटांच्या पेट्या हलवायच्या नव्हत्या, बँकेच्या वहीतील दोन नोंदी बदलायच्या होत्या. कर्मचारी अंतिम वाटपापर्यंत आहेत त्या पदावर काम करीत राहणार होते आणि जुने कायदे दोन्ही राज्यांत तसेच चालू राहणार होते. शिवाय हैदराबाद दहा वर्षांपर्यंत दोन्ही राज्यांची सामाईक राजधानी ठरली होती. ‘राजधानी’ म्हणजे बृहन्हैदराबाद महानगरपालिकेचे क्षेत्र, अशी व्याख्या कायद्यात होती आणि कुकटपल्ली नगरपालिका 2007 मध्येच त्या महापालिकेत विलीन झाली असल्याने, तेलंगणातील हे उपनगर कायद्याच्या दृष्टीने शेजारच्या राज्याच्या राजधानीतही मोडत होते.

सर्वांत व्यवहारी खबरदारी मात्र कोषागारांनी घेतली. मे महिन्याचे वेतन महिना संपण्याची वाट न पाहता आधीच देऊन टाकण्यात आले, म्हणजे जुन्या राज्याची देणी नव्या राज्याच्या पहिल्या दिवसावर लोंबकळत राहिली नाहीत. के. चंद्रशेखर राव यांनी 2 जूनला तेलंगणाच्या मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. चंद्राबाबू नायडूंचा शपथविधी 8 जूनला झाला, तोवर उर्वरित आंध्र प्रदेशात राष्ट्रपती राजवटच होती. आंध्रचा अर्थसंकल्प 20 ऑगस्टला सादर झाला. तेलंगणाचा पहिला अर्थसंकल्प अर्थमंत्री ईटेला राजेंदर यांनी 5 नोव्हेंबर 2014 रोजी मांडला, उरलेल्या दहा महिन्यांसाठी सुमारे 1 लाख 637 कोटी रुपयांचा. सहा महिन्यांची मुदत डिसेंबरच्या आरंभी संपत होती. राज्याने ती जवळजवळ पूर्ण वापरली.

तिजोरी चालू, निर्णय अडलेले

येथे कायद्याच्या यशाची कहाणी संपवता आली असती, पण कुकटपल्लीतल्या विद्यापीठाने त्याच उन्हाळ्यात दुसरी बाजू दाखवली. अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशांसाठीची एमसेट ही सामाईक परीक्षा हैदराबादच्या जेएनटीयूने 22 मे रोजी घेतली होती. परीक्षा एका राज्याची, निकाल लागला तेव्हा राज्ये दोन. प्रवेशफेऱ्या घेणारी उच्च शिक्षण परिषद कोणाची आणि विद्यार्थ्यांच्या शुल्काची प्रतिपूर्ती कोणी करायची, यावर दोन्ही सरकारांत जुंपली. तेलंगणाने 1956 पूर्वीपासून राज्यात राहणाऱ्या कुटुंबांच्या मुलांनाच मदत देण्याची योजना पुढे केली. किनारी आंध्रातून येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांची संख्या ज्या कुकटपल्लीत मोठी आहे, तेथे या एका आकड्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही.

प्रवेशप्रक्रिया आठवड्यामागून आठवडे पुढे गेली. तेलंगणाने ऑक्टोबरपर्यंत मुदत मागितली. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ती नाकारून प्रवेश त्याच महिन्यात पूर्ण करण्यास सांगितले, तेव्हा गाडी हलली. त्या काळात कोषागार उघडे होते, वेतने निघत होती, राज्यपालांची अधिकृतता वैध होती. अडले होते ते दोन सरकारांनी मिळून घ्यायचे निर्णय. 44 व्या कलमासारखी तरतूद तिजोरीचे दार उघडे ठेवू शकते, दाराच्या आतल्या दोघांना एकमेकांशी बोलायला लावू शकत नाही.

याच परिषदेचे प्रकरण पुढे अधिक चिघळले. आंध्र प्रदेश राज्य उच्च शिक्षण परिषदेची हैदराबादेतील बँक खाती गोठवली गेली आणि एक वैधानिक संस्था स्वतःच्याच पैशाला पारखी झाली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2016 मध्ये दिलेल्या निकालात, संस्था जेथे आहे त्या राज्याला तिची सगळी मालमत्ता आपोआप मिळत नाही, असे स्पष्ट करून दोन्ही राज्यांनी वाटपावर समझोता करावा, न झाल्यास केंद्राने मार्ग काढावा, असा आदेश दिला. छोट्या प्रमाणातला का होईना, हा ‘शटडाऊन’च होता.

घटनेने ठेवलेल्या कुलपांच्या किल्ल्या

पुनर्रचना ही अपवादात्मक घटना. दरवर्षीच्या व्यवहारात राज्याला चालू ठेवणाऱ्या तरतुदी घटनेतच आहेत. अनुच्छेद 203 व 204 प्रमाणे खात्यांच्या मागण्यांवर मतदान आणि मग विनियोजन विधेयक ही मुख्य वाट. ती 31 मार्चपूर्वी पार पडण्याजोगी नसेल, तर अनुच्छेद 206 नुसार काही महिन्यांपुरते लेखानुदान घेता येते. अनपेक्षित खर्चासाठी अनुच्छेद 267 चा आकस्मिकता निधी आहे, वर्षाच्या मध्ये कमी पडणाऱ्या रकमांसाठी अनुच्छेद 205 च्या पुरवणी मागण्या आहेत. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांची वेतने, कर्जावरील व्याज वगैरे भारित खर्चावर विधानसभेत मतदानच होत नाही.

गोव्यातील वाचकांना यांतील पहिल्या वाटेचा अनुभव जुना आहे. करोनाच्या वर्षात, 27 जुलै 2020 रोजी, विधानसभेचे अधिवेशन एका दिवसावर आणून त्याच दिवशी राज्याचा अर्थसंकल्प संमत करण्यात आला. पणजीच्या लेखा संचालनालयातून तोवर निघालेली बिले लेखानुदानाच्या आधारावर निघत होती. राष्ट्रपती राजवटीतला अनुभवही आहे. फेब्रुवारी ते जून 1999 आणि मार्च ते जून 2005 अशा दोन्ही वेळी नव्या आर्थिक वर्षाचा पहिला दिवस गोव्यात निर्वाचित सरकार नसताना उजाडला. अशा वेळी विधानसभेचे अधिकार संसदेकडे जातात आणि लोकसभेचे अधिवेशन चालू नसेल, तर संसदेच्या मंजुरीपर्यंत खर्च अधिकृत करण्याची मुभा अनुच्छेद 357 राष्ट्रपतींना देतो.

उत्तराखंडात 2016 मध्ये हा खटाटोप अधिकच टोकाला गेला. 18 मार्चला विनियोजन विधेयक आवाजी मतदानाने संमत झाल्याचे सभाध्यक्षांनी जाहीर केले, तर मतविभागणीची मागणी डावलली गेल्याचा आक्षेप विरोधकांनी व सत्तापक्षातील बंडखोरांनी घेतला. 27 मार्चला राष्ट्रपती राजवट लागली आणि आर्थिक वर्ष संपायला चार दिवस उरले. अध्यादेश काढता यावा म्हणून संसदेच्या दोन्ही सभागृहांचे सत्र संस्थगित करण्यात आले आणि 31 मार्चला लेखानुदानाचा अध्यादेश निघाला. राज्य बंद पडले नाही. परंतु देशाच्या संसदेचे सत्र एका राज्याच्या तिजोरीसाठी थांबवावे लागले, ही किंमत लहान नव्हती.

याखेरीज एक अलिखित आधार आहे आणि कदाचित तोच सर्वांत बळकट. संसदीय पद्धतीत मागण्यांवर सरकारचा पराभव झाला तर सरकार जाते. बहुमत असलेल्या सरकारचा अर्थसंकल्प सहसा अडत नाही आणि ज्याचा अडतो त्याला खुर्ची सोडावी लागते. त्यामुळे कार्यपालिका व विधिमंडळ महिनोन्महिने एकमेकांसमोर ठाण मांडून बसले आहेत, असे चित्र येथे सहसा उभेच राहत नाही. जेथे उभे राहिले, तेथे अडथळा कनिष्ठ सभागृहाबाहेरून आला होता.

चौदा दिवस आणि 1 जुलै

अशा अडथळ्याचे सर्वांत बोलके उदाहरण आंध्र प्रदेशाचेच आहे. करोनामुळे मार्च 2020 मध्ये विधानसभा भरवता आली नाही, म्हणून राज्यपालांच्या अध्यादेशाने एप्रिल ते जून या तीन महिन्यांचे लेखानुदान देण्यात आले. जूनच्या मध्यावर दोन दिवसांचे अधिवेशन बोलावून अर्थसंकल्प मांडला गेला. 175 पैकी 151 जागा असलेल्या वायएसआर काँग्रेसला विधानसभेत अडचण नव्हती. विधान परिषदेत मात्र तेलुगू देसमचे प्राबल्य होते आणि तीन राजधान्यांच्या विधेयकांवरून दोन्ही बाजू जानेवारीपासून हातघाईवर आलेल्या होत्या. 17 जूनच्या रात्री परिषदेत कोणते विधेयक आधी घ्यायचे यावरून गोंधळ झाला आणि विनियोजन विधेयक न घेताच सभागृह बेमुदत तहकूब झाले.

राज्यघटनेने याचाही विचार केलेला आहे. विधान परिषद धन विधेयक अडवू शकत नाही. विधानसभेने पाठवलेले धन विधेयक परिषदेने चौदा दिवसांत परत केले नाही, तर ते दोन्ही सभागृहांनी संमत केले असे अनुच्छेद 198 नुसार मानले जाते. घटनाकारांना चौदा दिवस हा अल्प काळ वाटला असावा. पण 17 जूनपासून चौदा दिवस मोजले की तारीख 1 जुलै येते आणि तीन महिन्यांच्या अध्यादेशाचा खर्चाधिकार 30 जूनला संपत होता. मधल्या फटीत महिन्याच्या वेतनाचा दिवस सापडला. राज्यातील सरकारी कर्मचाऱ्यांना व निवृत्तिवेतनधारकांना 1 जुलैला पैसे मिळाले नाहीत. मुदत उलटल्यावर विधेयक राज्यपालांकडे गेले, संमती मिळाली आणि मग देयके निघू लागली.

विलंब थोड्या दिवसांचाच. पण करोनाच्या ऐन लाटेत, रुग्णालये भरलेली असताना, भारतातील एका मोठ्या राज्याला कायद्याच्या तांत्रिक कारणाने वेतन देता आले नाही, ही गोष्ट राजकीय शेरेबाजीत फार लवकर विसरली गेली. दोष परिषदेतल्या गोंधळाचा होताच. त्याहून अधिक तो वेळापत्रकाचा होता. अध्यादेश 30 जूनला संपणार हे मार्चपासून ठाऊक असताना अधिवेशन 16 जूनला बोलावणे, म्हणजे चौदा दिवसांची घटनात्मक मुभा विरोधकांच्या हाती आयती देणे होते. आठवडाभर आधीची तारीख पुरेशी ठरली असती. गोव्याला विधान परिषद नसल्याने ही विशिष्ट फट येथे उद्भवत नाही. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगणा, बिहार, उत्तर प्रदेश यांना मात्र ती लागू आहे.

तेलंगणात अडथळा राजभवनाकडून आला. अनुदानाची कोणतीही मागणी राज्यपालांच्या शिफारशीवाचून विधानसभेत मांडता येत नाही. जानेवारी 2023 मध्ये अर्थसंकल्प मांडण्यास राज्यपाल तमिळिसै सौंदरराजन यांची संमती मिळेना, तेव्हा राज्य सरकारने 30 जानेवारीला उच्च न्यायालयात धाव घेतली. आदल्या वर्षी सरकारने राज्यपालांच्या अभिभाषणाविनाच अधिवेशन सुरू केले होते, हा मूळ सल. न्यायालयाच्या सूचनेवरून दोन्ही पक्षांच्या वकिलांनी त्याच दिवशी तडजोड केली: राज्यपाल अभिभाषण करतील, संमतीही देतील. अर्थसंकल्प 6 फेब्रुवारीला मांडला गेला. ही शिफारस किती दिवसांत द्यावी, याची मुदत घटनेत लिहिलेली नाही. परिषदेला चौदा दिवसांचे बंधन आणि राज्यपालांना कोणतेच नाही, ही विषमता पुढेमागे कोणत्या तरी राज्याला मार्चच्या अखेरीस भोवेल.

अमेरिकेतील अडसर

कुकटपल्लीतल्या अनेक घरांतली मुले अमेरिकेत शिकतात किंवा नोकरी करतात. त्यामुळे तेथील शटडाऊनच्या बातम्या या उपनगरात केवळ परदेशी बातम्या राहत नाहीत. 2013 मध्ये सोळा दिवस आणि 2025 मध्ये 1 ऑक्टोबरपासून विक्रमी 43 दिवस संघराज्य सरकार ठप्प झाले, तेव्हा दोन्ही वेळी अमेरिकेच्या श्रम खात्याचे एच-1बी व्हिसासाठी लागणाऱ्या वेतनविषयक अर्जांचे काम थांबले होते.

या बंदचे मूळ 1884 च्या एका कायद्यात आहे. काँग्रेसने मंजूर न केलेला खर्च कोणत्याही खात्याने करू नये, एवढेच तो सांगतो. जवळजवळ शतकभर मंजुरीत खंड पडला तरी खाती काटकसरीने चालू राहत. 1980 मध्ये महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी कायद्याचा कठोर अर्थ लावला: मंजुरी नसेल, तर जीवित व मालमत्तेच्या रक्षणासारखी मोजकी कामे वगळता खाती बंद करावीत. म्हणजे आज जगाला परिचित असलेला शटडाऊन कायदेमंडळाने ठरवून आणलेला नाही, तो एका कायदेशीर अभिप्रायातून जन्मला. 1995-96 मध्ये तो 21 दिवस, 2018-19 मध्ये 35 दिवस चालला.

तो टाळण्यासाठी तेथील काँग्रेसमध्ये दोन्ही पक्षांच्या सदस्यांनी वेळोवेळी विधेयके आणली. त्यांचा आशय साधारण सारखा: मुदतीत मंजुरी न मिळाल्यास मागील वर्षाच्या पातळीवर खर्च आपोआप चालू राहावा. काहींत प्रतिनिधींना निर्णयाला भाग पाडण्यासाठी प्रवासावर वा अन्य कामकाजावर बंधने सुचवली होती. एकही संमत झाले नाही. विनियोजन समित्यांना भीती अशी, की पैसा आपोआप मिळू लागला तर खर्चाची छाननी कोणी मनावर घेणार नाही. 2019 मध्ये एवढाच कायदा झाला, की बंदनंतर कर्मचाऱ्यांना थकलेले वेतन मिळेल. ऱ्होड आयलंड व विस्कॉन्सिन या राज्यांत मात्र जुना अर्थसंकल्प पुढे चालू राहण्याची तरतूद आहे. बेल्जियममध्ये 2010-11 साली 541 दिवस पूर्ण अधिकाराचे सरकार नव्हते, तरी मागील अर्थसंकल्पाचा दरमहा बारावा हिस्सा या हिशेबाने देश चालला.

संप हा वेगळा बंद

सरकार वरूनच बंद पडते असे नाही. 13 सप्टेंबर 2011 पासून 42 दिवस तेलंगण भागात ‘सकल जनुल सम्मे’ हा सर्वजनांचा संप झाला. सरकारी कर्मचारी, शिक्षक, राज्य परिवहनचे चालक-वाहक, सिंगरेणीचे खाणकामगार सारे उतरले. तिजोरीत पैसा आणि खर्चाला मंजुरी दोन्ही होते, काम करणारे हात नव्हते. अशा बंदवर सरकारांचे हत्यार म्हणजे अत्यावश्यक सेवा परिरक्षण कायदा, गोव्यातही परिचित असलेला ‘एस्मा’. आंध्रातील हा कायदा 1971 चा. विनियोजनाच्या तरतुदींशी त्याची सांगड घालता येत नाही: तेथे प्रश्न खर्चाच्या संमतीचा असतो, येथे राजकीय मागणीचा. त्या संपातील माणसांची मागणी अडीच वर्षांनी संसदेत मंजूर झाली, तीही एस्माने नव्हे.

आपोआप चालण्याची सवय

अमेरिकन समित्यांची भीती भारताला अनाठायी वाटू नये, याचा दाखला पुन्हा आंध्र प्रदेशाने दिला. 2024 हे निवडणुकीचे वर्ष. फेब्रुवारीत मावळत्या सरकारने जुलैअखेरपर्यंतचे लेखानुदान घेतले, ते रीतीला धरूनच होते. जूनमध्ये सत्तेवर आलेल्या नायडू सरकारने राज्याची आर्थिक स्थिती तपासण्यास अवधी हवा असे सांगून पूर्ण अर्थसंकल्प लांबवला आणि ऑगस्टपासून चार महिन्यांच्या खर्चासाठी अध्यादेश काढला. अर्थमंत्री पय्यावुला केशव यांनी अर्थसंकल्प मांडला तो 11 नोव्हेंबरला. वर्षाचे सात महिने उलटून गेले होते आणि त्यांतील तीन महिन्यांहून अधिक काळाचा खर्च विधानसभेच्या मतदानावाचून, अध्यादेशावर चालला होता. नवनिर्वाचित विधानसभा अस्तित्वात होती आणि सत्तापक्षाला तीत प्रचंड बहुमत होते.

2014 चे कलम सहा महिन्यांवर थांबत होते, कारण तेव्हा सभागृहच नव्हते. 2024 मध्ये सभागृह होते. लेखानुदान आणि अध्यादेश ही साधने घटनेने अडचणीच्या वेळेसाठी दिली आहेत. ती सोयीसाठी वापरली जाऊ लागली, की रस्ता, रुग्णालय वा शिष्यवृत्ती यांवरचा खर्च आमदारांच्या प्रश्नोत्तरांतून जाण्याआधीच होऊन जातो आणि मागण्यांवरील चर्चा झालेल्या खर्चाची पावती फाडण्यापुरती उरते.

हैदराबादचा सामाईक राजधानीचा दर्जा 2 जून 2024 रोजी संपला. कुकटपल्ली दहा वर्षांनी एकाच राज्याच्या राजधानीत आले. विभाजन कायद्याच्या नवव्या व दहाव्या अनुसूचींतील अनेक संस्थांची वाटणी मात्र त्या दिवशीही पूर्ण झालेली नव्हती.